फोनातलं कोल्ड स्टोरेज

तसा मी भांडुपचा, म्हणजे जन्म गावचा, मालवणकडचा, नाळ पुरली तिकडे आणि हाडं झिजली इकडे. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे ते गावी जाऊन राहिले, मी आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालो आणि कांजूरला एका कोल्ड स्टोरेजमध्ये लागलो, तो अजून तिथंच. मासळी, मटार, आइस्क्रीम, असा लोकांचा माल असतो आमच्याकडे, आणि मेन्टेनन्सचा माणूस मी एकटा. गणपतीत आमची अख्खी चाळ कोकणात जाते ना, तेव्हा मी आपला कम्प्रेसरच्या शेजारी. बायको-पोरं जायची, मी नाय. लग्न झाल्यापासून हेच.

मग नवीन कंट्रोलर बसवला. काय सांगू तुम्हाला, चहाच्या पुड्याएवढा डबा, पण सगळा प्लांट तोच चालवतो. बसवायला इंजिनिअर मॅडम आल्या होत्या, त्या म्हणाल्या, काका, ह्या डब्याच्या आतच वेबसाइट आहे, वेगळा कम्प्युटर लागत नाही, फोनमध्ये हा नंबर टाका. मी टाकला आणि अख्खं कोल्ड स्टोरेज फोनात उघडलं हो. प्रत्येक खोलीचं तापमान, कुठला कम्प्रेसर चालू, ठीक असेल तर हिरवा गोल, बिघाड असेल तर लाल, आणि खाली बटण, दाबलं की राखीव कम्प्रेसर सुरू. मी म्हटलं, मॅडम, हे गावावरून दिसेल का? त्या म्हणाल्या, दिसेल, तशी सोय करून देते, पण पासवर्ड सांभाळा. त्यांच्या पाया पडावंसं वाटलं मला, खोटं नाय सांगत.

आता आमचे शेठ, म्हणजे मालक, माणूस वाईट नाय. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी घरी सोफ्यावर बसून, हे दाबलं तर काय होतं बघू, म्हणून चालता कम्प्रेसर बंद केला, आणि परत चालू कुठून करायचा ते सापडेना. आइस्क्रीमची वाट लागली. तेव्हापासून शेठना नुसतं बघायला मिळतं, बटणाचा पासवर्ड माझ्याकडे, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाय असा शेठचाच हुकूम. मला वाटलं, झकास, मान मिळाला. मान कसला, दावं होतं ते. शेठ दिवसभर ते पेज बघत बसतात आणि मला फोन लावतात. दोन नंबर खोलीचं तापमान वर चाललंय रे. शेठ, गाडी लागलीय, दार उघडं आहे, येईल खाली. येईल ना? येईल शेठ. दात काढायला गेलो तरी फोन, साडूच्या बाराव्याला बसलो तरी फोन. पूर्वी गेटबाहेर पडलो की सुटायचो, आता गेटच खिशात घेऊन फिरतो आणि बायको म्हणते, तू घरी असतोस तरी कुठे असतोस?

तर यंदा बाबांनी निरोप धाडला, आता माझा आवाज टिकत नाय, ह्या वर्षी गाऱ्हाणं तू घाल. आमच्यात आरती झाली की घरातला मोठा माणूस गणपतीपुढे उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागतो, आणि दर वाक्याला सगळी भावकी म्हणते, व्हय म्हाराजा. ते घोकून येत नाय, शेजारी उभं राहून कानाने घ्यावं लागतं, आणि मी कधी शेजारी नव्हतोच. शेठनी सोडलं, पेज आहे ना, म्हणाले, जा. एसटीत मी सगळी वाट तोंडातल्या तोंडात गाऱ्हाणं म्हणत होतो, शेजारचा बघायला लागला.

आरती झाली, बाबांनी माझ्या हातात नारळ दिला. मी म्हटलं, बा देवा म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. आणि खिशात फोन. वाजू दिला. परत वाजला. घेतला तर शेठ, लाल झालंय, लवकर दाब. घरात फोन लागतो पण नेट धड नाय, पेज उघडायचं तर वर काजूच्या झाडाखाली जावं लागतं. नारळ बाबांच्या हातात परत दिला आणि पळालो. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाय.

वर जाऊन बटण दाबलं, राखीव कम्प्रेसर चालू झाला. शेठ म्हणाले, फोन ठेवू नकोस, हिरवं होईपर्यंत हलू नकोस. मी उभा. आणि खालून बाबांचा आवाज यायला लागला, फाटलेला, मध्येच थांबत, पण सगळं ऐकू येत होतं. सगळ्यांचं मागून झालं आणि शेवटी ते म्हणाले, आणि ह्या माझ्या झिलाच्या फोनात जी काय कंपनी आसा, तिका थंडगार ठेव रे म्हाराजा, आणि तेका एकदा तरी घराक येवंदे.

घर माझ्यासमोर होतं हो, हाक मारली असती तर पोचली असती. खाली सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा, माझ्याही तोंडून तेच निघालं, रडूच आलं मला. शेठनी विचारलं, काय म्हणालास? मी म्हटलं, काय नाय शेठ, बघतोय.

आत्ता तुमच्याशी बोलताना पण पेज उघडं आहे, हे बघा, सगळे गोल हिरवे. बाबांचं पहिलं मागणं देवाने ऐकलं म्हणायचं. दुसऱ्याची वाट बघतोय.