दिगंबरानं भरलेले ठोकळे

मंडळी, ऐका! माणसानं धंदा बदलला, तर जुन्या धंद्यातलं पाप मागे राहतं का हो? बोला की! — नाही बोलणार. पेटीवाले बुवासुद्धा खाली बघायला लागले!

तर हा दिगंबर खोत. सिव्हिल इंजिनिअर. पहिलंच काम कुठलं? गावच्या शाळेचा स्लॅब! आता काँक्रीट ओतलं की त्यातलाच माल साच्यात भरून ठोकळे करायचे, अठ्ठावीस दिवसांनी ते यंत्रात दाबून फोडायचे, अशी रीत. ठोकळा टिकला तर स्लॅब पक्का. पण त्या दिवशी घाई! माल झाला पातळ. ह्यानं काय करावं? ठोकळ्यांपुरता वेगळा माल कालवला — सिमेंट दुप्पट!

येसू मिस्त्री म्हणाला, "साहेब, हे बरं नव्हं. खाली पोरं बसायची."

"मिस्त्री, रिपोर्ट पास होतोय ना? झालं तर मग!"

झाला पास! पण पठ्ठ्याला साइट नकोशी झाली. क्लास लावला, कॉम्प्युटर शिकला, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये लागला. गार हवा, फिरती खुर्ची! लोक विचारायचे, सिव्हिल का सोडलं? म्हणायचा, "उन्हाचा त्रास हो." ऊन बिचारं! त्याच्या माथी काय काय मारतो आपण!

स्लॅबला सात वर्षं झाली. हाताखालच्या कुमुदिनीनं एक प्रोग्रॅम लिहिला. तपासणीत उत्तरं बरोबर, गिऱ्हाइकाकडे सगळी चूक! बघतो तर काय — पोरीनं तपासणीतले प्रश्न हेरून तेवढ्यांचीच उत्तरं आत लिहून ठेवलेली!

दिगंबर कडाडला, "लाज नाही वाटत?"

ती म्हणाली, "सर, टेस्ट पास झाली ना?"

मंडळी! कानशिलात बसल्यासारखं झालं त्याला. तिच्याकडे बघवेना. तिला रागवायचं तोंड होतं कुठं त्याला? लाजेनं मेल्याहून मेला हो!

दुसऱ्या सकाळी शाळेत हजर. तेच वर्ग, तशीच पोरं-पोरी, वर तोच स्लॅब. ह्याला शिकवलेले हेडसर धावत आले. "अरे दिगू! पोरांनो, हा आपला दिगंबर. केवढा मोठा साहेब झालाय बघा! सांग रे ह्यांना चार शब्द."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकवेनात त्याला.

म्हणाला, "पोरांनो, दप्तरं घ्या आणि बाहेर मैदानात चला. सर, ह्या स्लॅबचे ठोकळे मी खोटे भरले होते. पुन्हा तपासल्याशिवाय इथं कुणाला बसवू नका."

हेडसरांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ते एवढंच म्हणाले, "सात वर्षं बसवली रे मी पोरं इथं." आणि पहिलीतल्या पोरीचा हात धरून बाहेर गेले. दिगंबर रिकाम्या वर्गात ढसाढसा रडला.

हसू नका, रडूही नका! देवापुढं बसताना आपण सगळे कसे गुणी! आणि घरी? माझी बायको समोरच बसलीय, तिला विचारा — मला बोलायला जागा नाही! मंडळी, आत्ता ऐकता ऐकता, ज्याचं तुम्ही वाईट केलंत अशा कुणाचं तरी नाव तुमच्या मनात आलंय. आलंय ना? मग आरती उद्या घ्या. आधी त्याच्या दारात जा.