अप्पांनी पुसलेला कम्प्युटर

माझं माहेर अळणावरकडचं, लहान गाव, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड, त्यामुळं दोन्ही भाषा लिहायला येत होत्या आणि पुढं त्याच्यावरच आमचं पोट चाललं बगा. लग्न होऊन हुबळीला आले. आमचे हे कापडाच्या दुकानात कामाला, आणि सासरे, अप्पा म्हणतो त्यांना आमी सगळे, ते गोकुळ रोडला एका कारखान्यात लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर. काय सांगू तुमाला, एकदा मी डबा द्यायला गेले होते, तर बाकीचे आपले गप काम करालेत आणि अप्पा मशीनशी बोलालेत, कन्नडमध्ये, तडी तडी म्हणून, थांब जरा म्हणून, बैलाला बोलावं तसं. मला हसू आलं, पण ते मशीनही त्यांचं ऐकत होतं हो.

मंग तो कारखाना बंद पडला. एक दिवस गेटला कुलूप, एवढंच आमाला कळलं. अप्पा तरी रोज सकाळी अंघोळ करून जायचे, गेटसमोर उभं राहून परत यायचे, कुठं गेला होता विचारलं तर म्हणायचे, उगीच. मी लॅमिंग्टन रोडला टायपिंग शिकले होते, पुढं कम्प्युटरही शिकले, आणि भिशी लागली तेव्हा एक जुना कम्प्युटर घेऊन पुढच्या खोलीत मांडला. लग्नपत्रिका करायची मी, मराठीत पण, कन्नडमध्ये पण, वकिलांचे कागद टाईप करायची. ह्यांचा पगार मुलींच्या शाळेत जायचा, बाकी घर त्या कम्प्युटरवर.

आणि अप्पांना ते मशीन आवडलं. कम्प्युटर चालवायला न्हाई, पुसायला. सकाळी उठून वरचं कापड काढायचे, घडी करायचे, फडक्यानं पुसून घ्यायचे, मंग मला हाक मारायचे, सुनंदा, ये, तयार हाय. माझ्या लक्षात आलं की त्यांनी गोकुळ रोडला जायचं बंद केलंय. मी कुणाला बोलले न्हाई, पण मला फार बरं वाटलं बगा.

त्या वर्षीची खंडेनवमी. तुमाला ठाऊकच हाय, आमच्याकडं त्या दिवशी मशीन चालवायचं न्हाई, धुऊन पुसून पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, हळद-कुंकू लावून चालू करायचं. अप्पांनी दुपारभर कम्प्युटर पुसला. लेथची पूजा कशी करायचे तसंच केलं सगळं, लेथला काय असतं, नुसतं पुसून भागत न्हाई, प्रत्येक दांडा, प्रत्येक खटका ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघायचा, अडकलेला मळ काढायचा, तेलाचं बोट लावायचं. कम्प्युटरच्या मागं तेल लावू नका एवढं मी सांगितलं, तर हसून म्हणाले, तेवढं कळतंय मला. झेंडूची माळ घातली, लिंबू ठेवलं. छान दिसालतं हो.

दसऱ्याला सकाळी मी बटण दाबलं आणि फाट्‌ करून आवाज झाला. मागच्या जाळीतून धूर, आणि वास असा की अजून कुठं वायर जळली की मला तीच सकाळ आठवते. नेमकी बन्नी, म्हणजे दसऱ्याचं सोनं, द्यायला शेजारची मंडळी दारात उभी. आणि आमचे हे, एरवी तोंडातून शब्द न्हाई निघायचा, ते सगळ्यांसमोर ओरडले, काल दिवसभर त्याला चोळत कोण बसलं होतं, एक चाललेली गोष्ट होती घरात, ती पण संपवली तुमी. अप्पांच्या हातात बन्नीची पानं होती. ती त्यांनी हळू खाली ठेवली आणि आत गेले, जेवायला आले न्हाईत. मी ह्यांना बोलले, नंतर भांडले पण, पण गेलेला शब्द काय परत येतोय.

दसरा म्हणून दुकानं बंद, तुळशीच्या लग्नानंतरच्या पत्रिकांची कामं सगळी त्या कम्प्युटरातच, मी रात्रभर देवाचं नाव घेत पडले. दुसऱ्या दिवशी रिक्षात मांडीवर कम्प्युटरची पेटी घेऊन कोप्पीकर रोडला गेले. वर जिना चढून एक रिपेरीवाला बसायचा, बसू नाव त्याचं, शांत माणूस. त्यानं मागचे स्क्रू काढले, करंट पुरवणारा जो लोखंडी डबा असतो, एसएमपीएस म्हणतात त्याला, तो बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाला, सुट्टैतरी अक्का. जळालाय. मी विचारलं, आणि बाकीचं? त्यानं आपल्या टेबलावरचा दुसरा डबा जोडला, बटण दाबलं, आणि माझी अक्षरं, माझ्या पत्रिका सगळ्या पडद्यावर आल्या. मी तिथंच रडले.

मंग त्यानं मला त्या जळालेल्या डब्याचं मागचं अंग दाखवलं. तिथं एक लाल खटका असतो, एवढासा. आपल्याकडच्या करंटला दोनशे तीसवर पायजे, तो सरकून एकशे पंधरावर आलाय, त्यानंच जळालाय, म्हणाला, कुणीतरी सरकवलंय. मला लगेच कळलं. मळ काढायला त्यांनी तो सरकवला असणार, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, लेथचा सरकवावा तसा.

नवीन चांगला डबा मला झेपणारा नव्हता. नवीन स्वस्तातला होता, पण बसूनं तो माझ्या हातात दिला, म्हणाला, वजन बगा, आत काही न्हाईच ह्याच्या, हा उद्या जळताना कम्प्युटरचा बोर्डपण घेऊन जाईल. त्यापेक्षा एका ऑफिसच्या मोडीतला जुना घ्या, जड हाय, पंखा जरा घरघरतो. तो घेतला. जळालेला त्यालाच दिला, तेवढेच पैसे कमी झाले. घेतलेल्या डब्याचा खटका दोनशे तीसवर करून त्यानं त्याच्यावर चिकटपट्टी लावली, परत कुणाचा हात लागायला नको म्हणून. बसवून द्यायचे तो वेगळे पैसे घेतो, म्हणून कसं बसवायचं ते मी बघून घेतलं.

घरी येताना ठरवलं, सांगायचं की लाईनीतून करंट जादा आलं. सगळ्यांना तसंच सांगितलं. आणि मला वाटलं, अप्पांच्या हातानंच बसवून घेऊ, म्हणजे त्यांना बरं वाटेल. म्हटलं, अप्पा, स्क्रू मला आवळता येईनात, या जरा. आले हो ते. स्क्रूड्रायव्हर धरला, पहिला स्क्रू असा सरळ बसवला की हात जराही हलला न्हाई, आणि मला वाटलं, झालं, सगळं नीट झालं. दुसऱ्या स्क्रूला वाकले आणि त्यांना ती चिकटपट्टी दिसली.

ही कशाला, म्हणाले. मी म्हटलं, असंच, दुकानवाल्यानं लावलीय. त्यांनी नखानं कोपरा उचलला, खालचा खटका बघितला, आकडा वाचला. मंग मला विचारलं, जुन्याचा कुठल्या बाजूला होता? मला पटकन खोटं बोलता आलं न्हाई हो. जन्मभर मशीनवर उभं राहिलेलं माणूस, त्यांना माझ्या गप राहण्यातून कळलं. पट्टी परत दाबून बसवली, राहिलेले स्क्रू आवळले, एकपण ढिला ठेवला न्हाई. उठताना म्हणाले, सुनंदा, आता तू बगत जा.

त्यानंतर त्यांनी कम्प्युटरला हात लावला न्हाई. मी फडकं त्यांच्याजवळ ठेवून बघितलं, ह्यांनी पाया पडून माफी मागितली, अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पण पुढच्या खोलीत आले न्हाईत. खंडेनवमीला दारातूनच हात जोडतात. माझा जीव तुटतो बगा.

आता ते थकलेत, दिसतं कमी. तो कम्प्युटर कधीच गेला, नवीन घेतला, मुलीच्या लग्नाची पत्रिका मी ह्याच्यावर केली. नव्याला मागं तसा खटकाच न्हाई, असेल ते करंट तो आपला आपणच समजून घेतो. पण अप्पांना ते मी सांगितलं न्हाई. रोज सकाळी मी खुर्चीवर बसले की आतून आवाज येतो, सुनंदा, खटका बघितलास? मी उठून मागं जाते, जरा वाकते, पायांचा आवाज ऐकू जायला पायजे ना त्यांना, आणि सांगते, बघितला अप्पा, बरोबर हाय. मंग ते म्हणतात, हां, आता कर चालू. देवानं त्यांना असंच रोज विचारायला ठेवावं.