लाल डबा आणि टायवाले साहेब

…नाय हो, त्या टोकाला नका बसू, वर कबुतरांचं ऑफिस आहे — इकडं सरका, हां, असं. साहेब आत अडकले म्हणजे आता लवकर सुटत नाहीत, ड्रायव्हर माणसानं तोवर पाय मोकळे करावेत. तुम्हीही आत डोकावून आलात, बघितलं मी, पण थांबून करणार काय, सगळे तोंडं पाडून उभे. मी कारभारी. नावाचाच — कारभार सगळा सुनेकडं, सुवर्णाकडं, हे वर्कशॉप तिचंच. आज मला गेटवर बसवलंय आणि बजावलंय, आबा, दिल्लीहून साहेब येणारेत, तुम्ही एक शब्द बोलायचा नाय. आता मी साहेबांशी बोललोच कुठं? एवढंच म्हटलं, साहेब, बूट इथंच काढा, आत विमानाचं काम चालतं, देवळासारखं पाळतो आम्ही. काढले की हो. टाय घातलेला माणूस, हातात बॅग, आणि या तापलेल्या खडीवरून टुणटुण करत गेला — ते बघा बूट, मोजे आत नीट घडी घालून ठेवलेत, आईनं चांगलं वळण लावलंय. हसा, हसा, पण गाडीत सांगू नका त्यांना. तसं खोटं नाय ते, आत मोजायची एक थंडगार खोली आहे, तिच्या दाराशी बूट काढावेच लागतात. मी जरा अलीकडं काढायला लावले, इतकंच. तुम्हाला नाय सांगितलं, ड्रायव्हरला कशाला छळा.

काय बनतं इथं? विमानाची कडी. म्हणजे सुवर्णा तिला ब्रॅकेट म्हणते, मी कडी म्हणतो, त्यावरून आमचं भांडण. तळहाताएवढा तुकडा, अ‍ॅल्युमिनियमचा, मधे दोन भोकं — दाराच्या आत कुठंतरी बसतो म्हणे, दिसतसुद्धा नाय कुणाला. सरकार म्हणतं, विमानं आपल्याच देशात करू, सुटे भागसुद्धा इथलेच — चांगलं आहे, करा. पण एकट्या सरकारनं किती करायचं, मग ते कंपन्यांना म्हणालं, या, भागीत करू. सुवर्णा त्या स्कीमचं लांबलचक इंग्रजी नाव सांगते, मला एवढंच कळलं की ही बटाई आहे. आमच्याकडं मखमलाबादला करतात तशीच — जमीन एकाची, बियाणं दुसऱ्याचं आणि कंबर तिसऱ्याची. इथं लॅब सरकारची, विमान मोठ्या कंपनीचं, कंबर आमच्या सुवर्णाची. आणि पीक नासलं तर तोंड कुणाचं काळं? कंबरवाल्याचं. म्हणजे बटाईच की नाय? मला तर पहिल्यापासून विमानाचं कौतुक नाय, ओझरचा विमानांचा कारखाना आमच्या डोक्यावरच — पोरगा होतो तेव्हा एक एक विमान असं खालून जायचं की बैल दावं तोडायचे. मी सगळ्यांना सांगायचो, वरचा पायलट माझा मामा आहे, हात करा, पेरू टाकतो. निम्मी शाळा हात करत उभी राहायची. मास्तर पण. तिथंच माझी शाळा सुटली, मास्तरांना पेरू मिळाला नाय ना.

तोंडं का पाडलीत? तुम्हाला साहेबांनी सांगितलं नाय गाडीत? अहो, पीस हरवलाय. एक. सुवर्णानं महिन्याची मोजणी केली तर एक कमी. आता आमचा संतोष, म्हणजे तिचा नवरा, माझा मुलगा, तो फुलांचा टेम्पो बघतो, त्याला यातलं काय कळतं — तो म्हणाला, कोण विचारतंय, गप बस. तर ही म्हणाली, उद्या तो विमानात बसला तर? आता घ्या, विमानात बसायलाच केलाय ना तो पीस? मला तिचं बोलणं काय कळलं नाय. पण तिनं स्वतःहून फोन केला मोठ्या कंपनीला, गेलेले खोके परत मागवले, सगळे पीस पुन्हा मोजले, तपासले, काम बंद ठेवलं. तिकडं विमानाचं काम अडून राहिलं तिच्यापायी. मग वर गेली बातमी, आणि आज साहेब आलेत, विमानाचे भाग करणाऱ्यांच्या यादीत हिचं नाव ठेवायचं की कापायचं ते ठरवायला. कापलं तर परत कोण घेतंय हो. तिनं सात-आठ बायकांना शिकवलंय मशीनवर, इथल्या सिन्नर भागातल्याच आहेत, जीपनं येतात — त्या चांगुणाबाई आधी द्राक्षं कापायला जायच्या पिंपळगावला, आता कागदाहून पातळ मोजतात. त्या पण बसल्यात आत डबे उघडून. मी चेष्टा केली, म्हटलं, डाळीच्या डब्यात बघा. सुवर्णा हसली नाय. एरवी हसते, माझ्या चेष्टेला घरात तीच एक हसते, बाकीचे सगळे उठून जातात. दोन दिवस धड जेवली नाय पोरगी.

मी लंकाबाईला म्हटलं — लंकाबाई आमची मालकीण, संतोषची आई — म्हटलं, देवाचं केलं नसतं तर समजलो असतो, पण केलंय. माझ्या हातानं केलंय. कसलं देवाचं? अहो, पहिल्या फळाचं. आमच्यात पहिलं वांगं, पहिला गुलाब, मळ्यातलं काय असेल ते पहिलं, आधी खंडोबापुढं, मग बाजारात. कुणी मोडलं नाय हे आजवर. आणि यांनी काय केलं, एवढं मशीन आणलं, नारळ फोडला, पहिला पीस काढला, आणि टाकला डब्यात. लाल डब्यात, कुलूपवाल्या. का, तर मशीन बसवतानाचा पहिला पीस नापासच धरायचा म्हणे. पहिलं फळ, आणि नापास? मला लय लागलं ते. पण बोललो नाय, मी कशाला बोलतो. खंडेनवमीला सगळ्या मशीनांना झेंडूचे हार घातले, आमच्याच मळ्यातला झेंडू, आणि ऑफिसातल्या खंडोबाच्या फोटोला हार घालायला गेलो, तर फोटोमागं किल्ली. आता किल्ली देवामागं ठेवायची आमच्या घरची रीतच आहे, लंकाबाईनं लावलीय सुनेला — म्हणजे देवानंच दिली म्हणा ना. उघडला डबा, घेतला पीस, कुलूप लावलं, किल्ली जागेवर. घरी नेऊन देवघरात ठेवला. रोज गंध लावते लंकाबाई, तिला मी सांगितलंय विमानाचं बाळ आहे.

दाखवू? फोटो आहे, आमच्या नातीनं काढलाय, दिशानं. थांबा, हा चष्मा… हा नाय, ही म्हैस. हां, हा बघा. भंडाऱ्यात कसा शोभतोय. मोठा करून बघायचाय? करा की, दोन बोटांनी करतात तसं, मला जमत नाय ते. लाल फराटा? तो सुवर्णाचाच, ब्रशनं मारते नापासाला. आकडे? असतील कोरलेले, प्रत्येकावर असतात. वाचता येतात तुम्हाला? ड्रायव्हर असून बारीक नजर आहे हो तुमची.

काय झालं? खिशातल्या कागदावरचा आकडा कशाला ताडून बघताय? एवढा वेळ बरं चाललं होतं आपलं.

तो पीस? हरवला तो हा? छे, काहीतरीच — हरवला तो चांगला असेल, हा तर भंगार. भंगार कोण मोजतं? किडका गुलाब बांधावर टाकला की कुणी मोजायला जातो का, किती टाकले आणि आता किती आहेत… मोजतात? चांगल्याच्या आधी मोजतात? का बरं? … हं. … हं. चांगल्यात मिसळला तर ओळखू येत नाय. लाल रंग पुसला की झालं. आणि मग तो दारात बसतो, वर आकाशात. आत माणसं.

म्हणजे ‘विमानात बसला तर’ म्हणत होती ती, ते हे.

अहो, हे तुमचे साहेब आले बघा बाहेर, खडीवर नाचत. या साहेब, बूट इथं आहेत तुमचे, मी राखण केलीय. काय म्हणाले ते तुम्हाला? सर? सर कशाला म्हणतायत तुम्हाला? … बरं. म्हणजे गाडी चालवतात ते, तुमची बॅग आत पोचवायला गेलेले, आणि तुम्ही… बरं. टाय ड्रायव्हरला आणि चपला साहेबाला, ही पण तुमची स्कीमच असेल.

सर, एक सांगा. तो देवघरात आहे म्हणजे विमानात नाय, बरोबर? गेलेले खोके चांगले, बरोबर? मग तिनं जे परत मागवले, ते मागवायची गरजही नव्हती, तरी मागवले. हे लिहा तुमच्यात. कुलपाचं पण लिहाल, ते लिहावंच लागेल, किल्ली देवामागं नव्हती ठेवायची — पण ती रीत आमची, तिची नाय, तिनं सासूचं ऐकलं. नाव कापायचं तर माझं कापा. माझं नाव यादीत नाय, हे खरं. आधी घाला, मग कापा.

थांबा, फोन लावतो. हॅलो, लंकाबाई, ऐक. देवघरातलं ते बाळ काढ. हात धुऊन काढ. गंध पुसू नको, लाल रंग तर अजिबात पुसू नको, आहे तसं कापडात बांध आणि संतोषच्या हाती पाठव, टेम्पो भरलेला असू दे, सरळ सिन्नरला म्हणावं. … नाय, आजारी नाय कुणी. देवाला सांग, ते पास झालेलं नव्हतं, चांगलं झालं की आणतो दुसरं. … तुला काय करायचंय कुणी विचारलं ते, पाठव.

येतोय, सर. तासाभरात. थांबाल ना? चहा सांगतो.

ती बघा, आली सुवर्णा दारात. इकडंच बघतेय. तोंड बघा तिचं. … सर, तुम्ही सांगा तिला. मला ती म्हणालीय, एक शब्द बोलायचा नाय.