खिंडीपलीकडे सांगितलेलं नाव

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या तालुक्याचे प्रमुख म्योन्खजार्गल साहेब, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आपल्या शाळेतून आज निवृत्त होणाऱ्या शिक्षिका दोल्गोरबाई, आणि दूरदूरच्या तंबूंतून घोडे, मोटारसायकली हाणत आलेल्या माझ्या गाववाल्यांनो,

बाईंनी आपल्या तालुक्याचा भूगोल-इतिहास लिहिला. साडेचार हजार चौरस किलोमीटर जमीन, माणसं अठराशे, बाकी सगळ्या मेंढ्या. त्यासाठी जीप कोणी चालवली? मी, शाळेचा ड्रायव्हर गोंबोसुरेन. पुस्तकात माझं नाव आहे, शेवटच्या पानावर, पेट्रोलपंपाच्या खाली. असो, आज कौतुकाचा दिवस आहे.

पण खरं सांगू? माझा जळफळाट त्यासाठी नाहीच. माझे वडील दामदिन माझ्याशी दिवसाकाठी दोन वाक्यं बोलायचे, त्यातलं एक 'दार लाव' असायचं. बाईंशी मात्र तीन दिवस बोलत बसले: कुठला झरा कधी आटला, कुठल्या हिवाळ्यात जनावरं मेली, मठ कुठे होता. मी आपला मिठाचा चहा ओततोय!

आपल्या उत्तरेच्या डोंगराचं खरं नाव त्याच्यादेखत घ्यायचं नसतं. 'खैरखान', म्हणजे कृपाळू, एवढंच म्हणायचं. म्हणून तर मोजणीवाल्यांना प्रत्येकानं आपापल्या डोंगराचं तेच नाव सांगितलं आणि मंगोलियाच्या सरकारी नकाशात पाच खैरखान उगवले. खरं नाव एकट्या बाबांना ठाऊक होतं. चौथ्या दिवशी ते बाईंना खिंडीपलीकडे घेऊन गेले, जिथून डोंगर दिसत नाही. मला म्हणाले, "तू गाडीत पाणी घाल." आणि नाव सांगितलं बाईंच्या कानात! पोटचा पोर रेडिएटरपाशी. त्याच हिवाळ्यात बाबा गेले.

पुस्तक आलं, तेव्हा मी आधी तेच पान उघडलं. उंची होती, नावाची जागा कोरी. अकरा वर्षं मी बाईंशी धड बोललो नाही.

आज सकाळी बाई म्हणाल्या, "गोंबो, जीप काढ. खिंडीपलीकडे जायचंय."

"सामान बांधायचं सोडून?"

"तालुका सोडताना नाव तुझ्या हवाली करायचं, ही तुझ्या बाबांची अट होती. म्हणाले, 'आत्ता सांगितलं तर दोन घोट पोटात गेले की गावभर करेल.'"

हसू नका, खरं आहे ते.

बाई, नाव मिळालं. उद्या तुम्ही लेकीकडे उलानबातरला जाल. माझा मत्सर मात्र इथेच राहील, कारण ते नाव तुम्ही बाबांच्या आवाजात ऐकलंत, मी तुमच्या.

सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. ड्रायव्हरच्या तोंडून काही वेडंवाकडं गेलं असेल तर पोटात घाला. आणि आजच्या मेजवानीत माझ्या वाडग्यात कृपा करून फक्त चहा ओता.