नऊ नंबरची जर्सी

(लंडनचं हाउन्सलो उपनगर. बेसबॉलच्या मैदानामागची चेंजिंग रूम. दुपारचे पावणेतीन.)

हरीश : मी बाहेर येणार नाही, ईशानी. परत विचारू नकोस.

ईशानी : बाबा, दहा मिनिटं राहिलीत. मी टीमची मॅनेजर, आणि माझेच वडील गायब? आजपासून नऊ नंबर कोणालाच देणार नाहीत. तुमचा मान म्हणून.

हरीश : कसला मान? विमानतळावर बॅगा उचलायचो आम्ही. ड्यूटी संपली की पार्कात बॅट फिरवायची. तेव्हा कुठली आली पगारी टीम.

ईशानी : तीच तर आपली हिस्टरी आहे. बॅगा उचलणारे, म्हणून नाव लोडर्स. बॅजवर स्टार आहे तो एक्क्याण्णवच्या फायनलचा. शेवटच्या बॉलवर तुमचा होमरन. तुमचाच ना?

हरीश : असं का विचारतेस?

ईशानी : काल तो जुना फोटो मोठा करून पाहिला. हेल्मेटखाली चेहरा दिसत नाही, पण बॅट डावखुऱ्यासारखी धरलीय. तुम्ही उजवे. डावखुरा सतीशमामा.

हरीश : दार लाव आधी.

ईशानी : लावलं. बोला.

हरीश : त्या दिवशी मला ऐनवेळी डबल शिफ्ट लागली. यादीत माझं नाव गेलेलं. तुझ्या मामाचा व्हिसा संपलेला, स्वतःच्या नावानं खेळायची सोय नव्हती. म्हटलं, माझी जर्सी घाल, विचारलं तर हरीश सांग. पोरांनी तोंडाला कुलूप लावलं. वर्षभरात तो पकडला गेला, परत पाठवला.

ईशानी : आणि टाळ्या तुम्ही घेतल्या. इतकी वर्षं.

हरीश : घेतल्या. आधी त्याच्यासाठी गप्प राहिलो. मग सवय लागली. लाज वाटते गं.

ईशानी : आता बोललात तर स्टार जाईल. मालक लोक मला जाब विचारतील. कदाचित माझा जॉब पण जाईल.

हरीश : म्हणून तर म्हणतो, येतच नाही.

ईशानी : मामाला माहितीये आज काय आहे?

हरीश : नागपूरला फोन समोर ठेवून बसलाय, लाइव्ह बघायला. तुझ्या आईनं सांगितलं, नवीन शर्ट घातलाय. मला म्हणाला, भाऊजी, हात नीट हलवा, आपला नंबर आहे.

ईशानी : ...तुमचं नाव पुकारतायत.

हरीश : ऐकतोय.

ईशानी : ही जर्सी घ्या. तिथं काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी अडवणार नाही.

हरीश : माईक चालतो ना?

ईशानी : चालतो.

हरीश : आवाज वाढवायला सांग. सतीशला नीट ऐकू गेलं पाहिजे.