रेघेबाहेरची हाक

(विजयदुर्ग, १९६४. बंदराच्या वरच्या अंगाला गंगारामचं घर. सकाळची वेळ, घरापुढच्या खळ्यात गंगाराम, त्याची बायको कावेरी आणि गावातले दाजी.)

दाजी : चाय नको. पाणी नको. तुझ्या खळ्यात बसूक इलंय नाय मी. उद्या देवळात काय सांगतलंस, तेवढा बोल.

गंगाराम : दाजी, आधी वर पडवीत तरी या. उन्हात उभं राहून कसलं बोलणं?

दाजी : आठ वर्सां उन्हातच उभो आसंय. तुझ्यामुळे. आणि ती मुंबयची भाषा माझ्याकडे नको. 'उभं राहून' म्हणता! आवशीकडे असाच बोलत होतंस?

गंगाराम : सवय झाली. कंपनीच्या टीममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मी 'माका, तुका' केलं की पोरं पोट धरून हसायची. कप्तान व्हायचं तर आधी जीभ बदलावी लागली.

कावेरी : दाजीनू, काय ता बोला आणि जावा. तुमका बघलंय की माका सगळा परत आठवता.

दाजी : आठवांदे गो. मी तरी खंय विसरलंय? तुझा चेडू तापान गेला, पाळण्यातला पोर. हयसून तार इली ती आपल्या गाववाल्यांच्या लालबागच्या खोलयेर. खोलयेर मी एकटोच. शेजारच्या मास्तराकडून वाचून घेतलंय आणि तसोच पायात वहाण न घालता धावलंय. तुझ्या घोवाक निरोप दिलंय. ह्या तोंडान.

कावेरी : आणि हे म्हणतत, कोणीच सांगूक नाय.

गंगाराम : नाहीच सांगितलं. त्या रात्री आम्ही सगळे कलकत्त्याच्या गाडीत बसलो. मला कळलं ते परत आल्यावर. लेक गेल्याचं ठाऊक असतं तर मी कलकत्त्याला खेळायला गेलो असतो? जनावर आहे का मी?

दाजी : ता तुझा तुका ठावक. गाव काय म्हणालो? दाजी ताडी पिऊन खंय तरी पडलो आणि निरोप दिल्यान नाय. खोलयेतसून माझी ट्रंक भायर टाकल्यानी. पालखेक आमच्या घराण्याचो खांदो, आज्यापासून. तोय काढून घेतल्यानी. दर जत्रेक पालखी माझ्या दारासमोरून जाता आणि मी हात जोडून बाजूक उभो. चोर सोडून संन्याशाक फाशी.

गंगाराम : मग इतकी वर्षं गप्प का राहिलात?

दाजी : तू चाकरमानी होतंस. चार दिवस येय आणि जाय. आता कायमचो इलंस. उद्या जत्रेक गाव बसतलो, तुझ्या हातात मानाचो नारळ देतलो, आमच्या गंगारामान नाव काढल्यान म्हणान. तोच नारळ हातात धरून सांग, दाजीन निरोप दिल्यान होतो. बाकी माका कायएक नको. नाय सांगलंस तर मी देवापुढे हात ठेवतलंय. आणि मगे तुकाय ठेवचो लागतलो.

गंगाराम : ठेवीन. खरं बोलायला मला कसली भीती?

कावेरी : नको! दोघानी हात ठेवलो म्हंजे दोघांतलो एक खोटो. देवापुढची खोटी आण घरार येता. दाजीनू, माका दिवस गेलेत. एक गेला तेवढा पुरे झाला नाय?

दाजी : ठावक आसा गो. म्हणान तर देवळाच्या आधी हय इलंय. नायतर ह्या उंबऱ्याकडे मी बघलंय नसतंय.

गंगाराम : तुम्हाला माझा नारळ खुपतो, दाजी. सरळ बोला.

दाजी : कसलो खुपता! आमच्या कोळणी डोक्यार टोपली घेऊन गावभर फिरतत तेव्हा चूल पेटता. आणि ह्यो टोपलेत चेंडू टाकून पगार घेय! तीय बूड नसलली टोपली! शिरा पडो त्या खेळार.

गंगाराम : त्याच बूड नसलेल्या टोपलीनं हे घर कौलारू झालं. तुम्हाला वाटतं तिथं मजा होती? गोदीत पोती उचलायला गेलो होतो मी. शिडी न लावता वरच्या थरावर पोतं ठेवलं, ते साहेबानं बघितलं. दुसऱ्या दिवशी पोतं गेलं आणि हातात चेंडू आला. मस्टरवर कारकून. टेबल होतं, खुर्ची होती, कागद एक नाही. काम काय, तर कंपनीसाठी जिंकायचं. हरलो की साहेब आठवडाभर तोंड फिरवायचा. सिमेंटवर उड्या मारून मारून गुडघे गेले. सुजले की रात्री पट्टी बांधायची, सकाळी परत मैदान. कलकत्ता, मद्रास, नागपूर. एवढी शहरं फिरलो, पण बघितलं काय? स्टेशन आणि मैदान.

दाजी : आणि शेवटी?

गंगाराम : शेवटी पंजाबातून एक पोरगा आणला, माझ्याहून वीतभर उंच. मला साहेब म्हणाला, गंगाराम, तू गेटवर उभा राहा, उंच माणूस दारात शोभतो. ज्या गेटातून कप घेऊन आत आलो, तिथं सलाम ठोकायचा? राजीनामा दिला आणि बोट पकडली. आता उद्याचा एक नारळ, तेवढा राहिलाय माझ्या वाट्याला. तोही तुम्हाला द्यायचा नाही.

कावेरी : तुमचो कप माकाय ठावक आसा. चेडू गेल्यार मी रोज बंदरार जाय. बोट लागली की उतरणाऱ्या एकेकाचा तोंड बघी. तुमी नाय. एक दिवस कोणीतरी मुंबयचो पेपर घेऊन इलो. बघ गो कावेरी, तुझ्या घोवाचो फोटो. हातात कप, आणि तुमी हसतास. माका वाटला, ह्यांका अजून कळला नाय म्हणान हसतत. त्या एका गोष्टीर मी जगलंय. कळला नाय, म्हणान हसतत.

गंगाराम : तेच खरं आहे गो.

दाजी : खरा नाय ता.

कावेरी : दाजीनू!

दाजी : नाय, आता बोलतंय. आठ वर्सां गिळलंय, आता गळ्याशी इला. कावेरी, मी मैदानार गेलंय तेव्हा खेळ चलाललो. भोवती दोरी बांधलली, माणसांची ही गर्दी, वर दिवे. माका भुतूर सोडीनत. कोपरान वाट काढून दोरयेकडे पोचलंय. ह्यो धावत इलो, असो, ह्या तुळशीइतको जवळ. मी जीव खाऊन वरडलंय. ह्येना माझ्याकडे बघल्यान. आणि हात वर केल्यान.

कावेरी : हात?

दाजी : असो. डोक्याच्या वर. जसा काय म्हणता, समाजला. आणि परत धावलो टोपलेकडे. लेक गेल्याचा सांगलंय आणि बापूस हात वर करून खेळूक गेलो! खेळ संपासर थांबूक माका जमला नाय. असल्या माणसाचा तोंड परत बघूचा नाय, म्हणान निघान इलंय.

कावेरी : ह्या माका कोणी सांगूक नाय.

दाजी : कोण सांगतलो? मी एकटो होतंय. कसा सांगू गो तुका? तुझी कूस रिकामी झालली. त्यात 'तुझ्या घोवान आयकल्यान आणि खेळत रवलो' असा सांगलंय असतंय, तर तू ह्या घरात रवली असतंस? म्हणान मी 'निरोप दिलंय' एवढाच म्हणत रवलंय. फुडचा बोललंय नाय. आणि लोक म्हणाले, दाजी खोटो.

कावेरी : तुमी हात वर केल्यात?

गंगाराम : कावेरी...

कावेरी : माझ्याकडे बघा. केल्यात?

गंगाराम : केला असेन.

कावेरी : 'असेन' नको माका.

गंगाराम : केला. दोरीमागून कोणीतरी ओरडलं ते आठवतंय. हात वर केलेला आठवतोय. पण दाजींचं तोंड नाही आठवत, शप्पथ! खेळताना माणसं दिसत नाहीत गो. कडेची रेघ दिसते, टोपली दिसते, बाकी नुसता आवाज.

दाजी : डोळ्यात बघलंस माझ्या!

गंगाराम : बघितलं असेन, दिसलं नाही! आणि हात... तो नियम होता आमचा. चूक आपली असली की खेळाडूनं हात वर करायचा. पंचाची शिट्टी व्हायच्या आधी मी करायचो. प्रामाणिक म्हणून नाव होतं माझं त्यात. कोणीतरी ओरडलं, मला वाटलं माझ्याच हाताला लागून रेघेबाहेर गेला.

कावेरी : काय गेलो?

गंगाराम : चेंडू.

कावेरी : दाजीनू, तुमी त्या दिवशी काय वरडलास? तसाच सांगा. एक अक्षर इकडचा तिकडे नको.

दाजी : काय वरडतलंय? 'गंगाराम, चेडू गेला! चेडू गेला रे!'

कावेरी : आणि तुमी काय आयकल्यात?

गंगाराम : चेंडू गेला.

दाजी : काय?

गंगाराम : गिरणीची पोरं दोरीमागे उभी असायची. चेंडू आला, चेंडू गेला, दिवसभर तेच. मी तेच ऐकलं, दाजी. चेंडू गेला.

दाजी : अरे, पण चेंडू 'गेलो' रे! चेंडू गेलो, चेडू गेला! आपल्यात दात नसलला पोर चुकाचा नाय त्यात! मी 'गेलो' म्हणूक नाय, 'गेला' म्हटलंय!

गंगाराम : मुंबईत चेंडूसुद्धा 'गेला'च म्हणतात.

कावेरी : देवा माझ्या.

दाजी : म्हंजे... तू आयकलंस आणि... आयकलंस नाय?

गंगाराम : तुमचा आवाज आला. शब्दही आला. ज्या कानानं तो कळायचा, तो कान मी पोरांच्या हसण्याला भिऊन केव्हाच टाकला होता.

दाजी : माका बसांदे जरा. नाय, हयच, पायरेर. पाणी दी गो कावेरी.

कावेरी : घेवा.

दाजी : आठ वर्सां मी ह्येका दगड म्हटलंय. देवाकडे गाऱ्हाणा घातलंय ह्येच्यार, की म्हाराजा, ह्येचा बरा करू नको. गुडघे गेले आयकलंय तेव्हा बरा वाटला माका. खोटा कित्याक बोलू? बरा वाटला. आणि तू तिकडे... शी! माणूस दोन शब्दांत मेलो रे.

गंगाराम : आणि मी तुम्हाला दारुडे म्हणत राहिलो. चारचौघांत.

दाजी : मी तिचा नाव घेऊन वरडलंय असतंय तर ही गजालच झाली नसती. 'अमकी गेली' म्हटलंय असतंय तर झोपेतसून उठून धावलो असतंस. पण चेडवाक नाव खंय होता? बारसाच खंय झालला?

कावेरी : हे येतले तेव्हा करूचा होता. होळयेक येतंय म्हणाले. मगे मद्रासाक गेले. मगे म्हणाले, पावसाच्या आधी येतंय. पाळण्याक तोरण बांधून ठेवललंय मी. फुला सुकली की नवी बांधी.

गंगाराम : कावेरी, बस कर.

कावेरी : कित्याक? आयका. मी तुमका कधी बोललंय नाय. कोणी सांगूक नाय म्हणालास, मी खरा धरलंय. आजपर्यंत माझो राग ह्या म्हाताऱ्यार होतो. तो आता खंय नेऊ?

गंगाराम : माझ्यावर ठेव.

दाजी : गे बाय, रागाचा मगे बघ. गंगाराम, उद्याचा काय? गाव वाट बघता.

गंगाराम : उद्या... उद्या सगळं सांगायचं म्हणजे काय होईल, कळतंय ना तुम्हाला? पोरं सोडायची नाहीत मला. कलकत्ता जिंकून आला आणि घरचा शब्द कळला नाही. शाळेत मास्तर म्हणून घेणार आहेत, तिथली पोरं पाठीमागून 'चेंडू गेला' म्हणून ओरडतील. जन्मभर.

दाजी : ओरडतले. माका 'ताडयेचो दाजी' म्हणतत. सवय होता.

गंगाराम : नुसतं 'निरोप दिला होता' एवढं सांगितलं तर?

दाजी : तर गाव विचारतलो, मगे तू इलंस कित्याक नाय? काय सांगशीत? हात वर केलंय म्हणान?

कावेरी : आणि अर्ध्या गोष्टीर देवापुढचो नारळ माका ह्या घरात नको. काय ता आता बोला. दाजींच्या तोंडार.

गंगाराम : सांगतलंय.

दाजी : काय म्हणालंस?

गंगाराम : सांगतलंय म्हटलंय. दाजीन निरोप दिल्यान. चेडू गेला म्हणान सांगल्यान. माकाच समाजला नाय. हसतले तर हसांदेत.

दाजी : ह्या तुझ्या आवशीन आयकला असता तर बरा झाला असता. येतंय मी.

कावेरी : चाय घेऊन जावा, दाजीनू.

दाजी : उद्या घेतलंय. देवळातसून येताना.

कावेरी : उद्या पालखेक खांदो देऊन येवा. मगे जेवकच बसा.

दाजी : बघूया. सांभाळान रव गो. उन्हात भायर उभी रवू नको.

गंगाराम : ... गेलो दाजी.

कावेरी : गेलो.

गंगाराम : कावेरी, तिका तू काय म्हणा होतंस? पाळण्यात घालताना? नुसता चेडूच?

कावेरी : लोकांसमोर चेडूच. पण नाव मी ठेवललंय. एकटीन. शेवटच्या दिवशी तिच्या कानात सांगललंय. बिननावाची जावची नाय म्हणान.

गंगाराम : काय नाव?

कावेरी : आधी उद्या दाजींचा नाव मोकळा करून येवा. मगे माका विचारा.