बटण आतल्या खोलीत

कपाटाची किल्ली करून घ्यायला आलेल्या शिक्षिकेच्या पुढे, गळ्यात ऑफिसचं कार्ड अडकवलेली एक मुलगी कुलूपवाल्याच्या मागे लागली होती.

"काका, चला ना लवकर! सर्व्हरच्या खोलीचं दार उघडायचंय."

"किल्ली हरवली?"

"किल्ली नाहीच. कार्ड दाखवलं की सर्व्हरच दार उघडतो."

"मग दाखव की."

"सर्व्हर बंद पडलाय."

"चालू कर."

"बटण आतल्या खोलीत आहे."

"बंद कुणी केला?"

"मीच. जेवायला जाताना माझा कॉम्प्युटर बंद करायला गेले आणि सर्व्हरच बंद केला. युनिक्समध्ये हुकूम टाइप करायची खिडकी दोन्हींची सारखीच काळी दिसते हो!"

"काय येतं म्हणून ठेवलंय गं तुला?"

"एंटर दाबण्याआधी आपण कुठल्या मशीनवर आहोत ते बघायचं. मुलाखतीत फक्त मलाच सांगता आलं होतं."

"आत कुणी आहे?"

"साहेब अडकलेत."

"मग त्यांनाच सांग बटण दाबायला!"

"ते बटणांना घाबरतात. सोबत एक उमेदवार आहे, तो म्हणतो, आधी नेमणुकीचं पत्र द्या, मगच हात लावतो."

"कुणाच्या जागी घेतायत त्याला?"

"माझ्या."

कुलूपवाल्याने उचललेली हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

"या बाई, आधी तुमची किल्ली करू. सावकाश."